पी.पी. नंबरवरचा ट्रंक कॉल

धायरीच्या त्या सोसायटीत उल्काताईंच्या हाताला चव आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या फोन उचलत नाहीत हेही. फोन तसा त्यांचा लाडका. आठ वर्षं नंबर लावून चौऱ्याण्णव साली घरात आलेला. रोज सकाळी त्याच्यावरचं विणलेलं झाकण काढून त्या तो लख्ख पुसत. पण वाजला की बाईंची पावलं स्वयंपाकघराकडे वळत.

"अगं, फोन आहे तो, नाग नाही," असं म्हणत अभयराव पेपर बाजूला ठेवत आणि स्वतः उठत. ते घरी नसले, की फोन बापडा वाजून वाजून गप्प होई.

बाहेरच्यांच्या बाबतीत हे खपून गेलं. पण मुलगा विश्वजीत बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत लागला, दोन हजार एक साली त्याचं लग्न झालं, आणि घरातली निम्मी माणसं फोनवरच भेटू लागली. सून तनुजा दर रविवारी न चुकता फोन करी. अभयराव गप्पा मारून आत हाक देत, "तनुजा आहे, येतेस का?" आतून ठरलेलं उत्तर येई, "हात पिठाचे आहेत. तब्येत विचारा तिची."

पंधरा महिने सासूबाईंचे हात पिठाचेच होते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणासाठी तनुजा आठवडाभर आधीच आली. दुसऱ्या दिवशी उल्काताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. आत तनुजा फोनवर विश्वजीतशी बोलत होती.

"बाळंतपण माहेरी, ते ठीक. पण नंतर मी बाळाला घेऊन इथे येणार नाही. डायरेक्ट बंगळूर. तुझ्या आईंना मी आवडत नाही, विश्वजीत. समोर असले की छान वागतात. मग फोनवर दोन शब्द बोलायला काय होतं? मला रिअली त्रास होतो त्याचा."

उल्काताई ओला टॉवेल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आत जाऊन 'तसं नाही गं' म्हणावं असं फार वाटलं. पण मग कसं आहे, असं तिने विचारलं असतं तर? त्यांना तरी कुठे माहीत होतं?

दुपारी अभयराव बँकेत गेले असताना फोन वाजला. उल्काताई लाडवांसाठी रवा भाजत होत्या. तनुजा स्वयंपाकघराच्या दारात होती. ती फोनकडे गेली नाही, सासूकडे बघत राहिली. फोन थांबला.

"आई, गॅस का बंद केलात?"

"मी?" उल्काताईंनी खाली पाहिलं. रवा अर्धाकच्चा, शेगडी विझलेली.

"काल इस्त्रीवाल्याचा फोन आला तेव्हाही केला होतात. मला वाटायचं, माझा फोन म्हणून घेत नाही. पण हा काही माझा नव्हता."

"अगं, तळण करपेल ना," त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. कढईत तेलाचा थेंब नव्हता.

मग खुर्चीत बसून, थांबत थांबत, त्यांनी सांगितलं. बासष्ट सालची दिवाळी चार दिवसांवर आली होती. सदाशिव पेठेत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, खाली डॉक्टरांचा दवाखाना. फोन फक्त तिथे. नातेवाइकांकडे तोच नंबर दिलेला, पुढे पी.पी., म्हणजे शेजारचा फोन, असं लिहून. कंपाउंडर बजरंग जिन्यातून हाक मारायचा आणि अकरा वर्षांची उल्का धावत सुटायची. फोन घ्यायची भारी हौस.

"बाबा सोलापूरला कामासाठी गेलेले. पलीकडचा माणूस ओरडत होता, मोठं कोणी आहे का? मी म्हटलं, मीच मोठी, आई कामात आहे, मला सांगा. ट्रंक कॉल, तीन मिनिटं मिळायची, त्यात खरखर. त्याने सांगून टाकलं. बाबा सकाळीच वारले होते."

तनुजा खाली बसली.

"वर आले तर आई चकल्या तळत होती. म्हटलं, एवढा घाणा निघू दे, मग सांगू. मग पुढचा. मी सोऱ्या फिरवत राहिले. संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातली माणसं आली. आई मला एकच म्हणाली, तुला ठाऊक होतं आणि तू चकल्या करत बसलीस? पुढे तिने तो विषय काढला नाही. मीही नाही. यांनासुद्धा माहीत नाही."

तनुजाचा चेहरा लाल झाला होता. "पण अकरा वर्षांच्या मुलीला कोण सांगतं असं? खाली डॉक्टर होते, त्यांना बोलवा म्हणायला काय झालं होतं?"

"मीच म्हणाले ना, मोठी आहे म्हणून."

"म्हणणारच, आई. अकरा वर्षांच्या होतात."

उल्काताईंना ते लगेच काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधली कल्याणी दारात आली. एक रिबीन सुटलेली, गुडघ्याला खपली. काय मागायला पाठवलंय हेच विसरली आणि विचारायला परत पळाली. कढीपत्ता घेऊन निघाली तेव्हा उल्काताईंनी विचारलं, "कितवं लागलं गं तुला?"

"अकरा पूर्ण झाली, काकू."

ती गेल्यावरही त्या दाराला धरून उभ्या होत्या. "एवढीशी होते मी?" त्यांनी मागे उभ्या असलेल्या तनुजाला विचारलं, आणि डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी अभयरावांना सगळं कळलं. एरवी शब्दाला शब्द तयार असणारा माणूस "आणि मी थट्टा करत बसलो," एवढंच म्हणाला.

नियम तनुजाने केला. "मी फोन केला की आधी 'सगळे बरे आहेत' म्हणणार. हॅलो नंतर."

"आणि कोणी बरं नसलं तर?"

"तर समोर कल्याणीकडे फोन करून बाबांना बोलावून घेईन. ते तुमच्याजवळ बसून सांगतील."

डोहाळजेवण झालं, तनुजा नाशिकला माहेरी गेली. रविवारी अभयराव मंडईत असताना फोन वाजला. पाच वेळा, सहा वेळा. उल्काताईंची पावलं स्वयंपाकघराकडे वळलीच, ते काही एका आठवड्यात जाणार नव्हतं. मग त्या मागे फिरल्या आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

"सगळे बरे आहेत! कोण, आई? खरंच तुम्ही?"

"मग काय शेजारीण? बोल. पायाची सूज कशी आहे?"

अभयराव तणतणत घरात शिरले. "पाऊण तास एंगेज! वांगी घेऊ की दोडका, विचारायला मी तिथे बूथवर ताटकळतोय. बिघडलाय का?"

"बिघडला नाहीये. तनुजा बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन आधी इकडे येतेय," उल्काताई म्हणाल्या. "आतली खोली रिकामी करायला घ्या. तुमची रद्दी आधी काढा."