नजमाबींची गोळी

रविवार पेठेतल्या एका बोळात नजमाबी तांबोळी रफूचं काम करतात. शालूला उंदराने पाडलेलं भोक असो की कोटावर उडालेली ठिणगी, त्याच कापडाचे धागे काढून त्या अशा विणतात, की मालकालाही जागा सापडत नाही. वडील मकबूलभाईंकडून हे काम त्या परकरात असतानाच शिकल्या.

छप्पन्नाव्या वर्षी तपासणीत त्यांच्या छातीत बारीक गाठ निघाली. कॅन्सरची होती, पण वेळेवर सापडली. छोटं ऑपरेशन आणि तीन आठवडे रेडिएशन, एवढ्यावर भागलं. घरात शिरखुर्मा झाला. खरा पेच पडला तो त्यानंतर.

डॉक्टर भाग्यश्री परांजपे म्हणाल्या, "तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी होती. परत येऊ नये म्हणून रोज एक गोळी, पाच वर्षं. धोका जवळपास निम्मा होतो."

"आणि त्रास काय?"

"काहींचे सांधे आखडतात. हाडं विरळ होतात."

"बोटं?"

"बोटंही."

नजमाबींनी हात मांडीवर उपडे ठेवले. दुसरी एक गोळी होती, तिने सांधे कमी दुखतात. पण तिने रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि मुलीच्या, खुशनुमाच्या, वेळच्या बाळंतपणात त्यांच्या पायात एकदा गुठळी झालेली होती. म्हणजे ती बाद. राहिलं एवढंच: ही गोळी घ्यायची, किंवा काहीच न घेता नुसती तपासणी करत राहायचं.

खुशनुमा आयटीत. तिचं ठरलेलं होतं. "अम्मी, टॅबलेट घ्यायचीच. आणि दर तीन महिन्यांनी फुल बॉडी स्कॅन."

"काम सोड आता," नवरा तालिबभाई म्हणाले. "पुष्कळ केलंस."

"तुम्ही रिटायर झालात म्हणून मीही व्हायचं का?" एवढंच बोलून नजमाबी आत गेल्या.

आठवडाभर निर्णय लांबला. बोटं गेली तर आपण कोण, हा विचार त्यांना सुईत दोरा ओवतानाही सोडेना. आणि आजार उलटला तर बोटांचं काय करायचं, हाही. शेवटी वहीत सात प्रश्न लिहून त्या एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. त्रास झाला तर गोळी बदलता येते, थांबवताही येते. मात्र परस्पर नाही. वर्षातून एकदा मॅमोग्राफी, सहा महिन्यांनी तपासणी, हाडांची घनता मोजायची. लक्षण नसताना सारखे स्कॅन करून फायदा नाही.

"मग सुरू करते," नजमाबी म्हणाल्या. "पण माझ्या हातांचा हिशोब मी ठेवणार."

त्यांनी तो ठेवलाही. गोळी सुरू करायच्या आदल्या दिवशी एका जुन्या शालीला त्यांनी रुपयाएवढं भोक पाडलं, रफू केलं आणि लागलेला वेळ लिहिला: पन्नास मिनिटं. तिसऱ्या महिन्यात तसंच दुसरं भोक भरायला दीड तास लागला. सकाळी मूठ वळत नव्हती. वही डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली, आणि गोळी थोडे दिवस थांबवून त्याच जातीची दुसरी सुरू केली. शिवाय रोज चालायला सांगितलं. ताठरपणा पूर्ण गेला नाही, पण अकराच्या सुमारास बोटं मोकळी होऊ लागली. तेव्हापासून सकाळी त्या गोट लावणं, हूक शिवणं असलं जाडं काम करतात, आणि शालू दुपारी घेतात.

याला आता अडीच वर्षं झाली. दोन्ही मॅमोग्राफी स्वच्छ आल्या. तिसरीच्या आधी झोप उडणार हे त्यांना माहीत आहे, आणि त्या तसं घरात सरळ सांगतात.

मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक, सोनाली, पैठणी घेऊन आली. पैठणी निमित्त होती. तिचंही तसंच निदान झालं होतं. "आपा, तुम्ही गोळी घेतलीत, मीही घेऊ ना?"

"माझी गोळी माझा पाय, माझी बोटं बघून ठरली," नजमाबी म्हणाल्या. "तुमचं तुम्हाला डॉक्टरांना विचारावं लागेल. बसा. काय काय भीती वाटते ते सांगा, आपण लिहून काढू."

पैठणी बाजूला ठेवून त्यांनी पेन काढलं.