दर महिन्याला वारणारे फोरमन

“आज सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांनी मी वारलो. कारण : पाना सापडला नाही.”

धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूनं हे लिहून, खाली झोकदार सही ठोकून फोरमन शांतपणे भाजी आणायला जायचे. स्वतःच्या निधनाची बातमी स्वतःच देणारा माणूस तुमच्या सोसायटीत नसेल. आमच्याकडे तो दर महिन्याला वारायचा.

फोरमनची उभी हयात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. आग लागायच्या आधीच ती विझवायचा सराव करणारी माणसं ती. निवृत्तीनंतर हा सराव त्यांनी आमच्यावर काढला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते छातीवर घड्याळ ठेवून कोचावर आडवे व्हायचे आणि सेक्रेटरींना फोन लावायचे.

“धाप लागलीय. सोसायटीचा ऑक्सिजनचा सिलिंडर पाठवा.”

“अहो फोरमन, आज रविवार आहे.”

“बरं. करोनाच्या साथीला सोमवारी यायला सांगतो.”

मग सेक्रेटरी आधी चपला शोधणार, मग ऑफिसची किल्ली. सिलिंडर ऑफिसात. त्याची तोटी उघडायचा पाना कपाटात. कपाटाची किल्ली खजिनदारांच्या खिशात आणि खजिनदार मिसळ खायला गेलेले. एकदा कमिटीनं ठराव केला की सिलिंडर हवा असल्यास लेखी अर्ज द्यावा. फोरमननी आडव्या आडव्याच अर्ज लिहिला : ‘सध्या श्वास घेत नसल्यामुळे सही मागाहून करीन.’

आम्ही हसायचो. करोनानंतर आमच्याकडे प्रत्येक जण अर्धा डॉक्टर झालेला. ‘साथीनं आपल्याला काय शिकवलं’ या विषयावर हॉलमध्ये दोन व्याख्यानं झाली, वक्त्यांना शाल-श्रीफळ दिलं. सिलिंडर उघडता येणारी माणसं मात्र दोनच. त्यातले एक फोरमन, म्हणजे रोगी.

“साथ गेली हो आता,” मी एकदा म्हणालो. “किती मनाला लावून घ्याल?”

“तुमच्या आई तिसऱ्या मजल्यावर असतात ना? तिथवर सिलिंडर चढवायला किती वेळ लागतो, मोजलाय कधी?”

दुसऱ्या लाटेत फोरमनच्या पत्नीला धाप लागली, तेव्हा सिलिंडर खाली भरलेला उभा होता. पाना कपाटात होता आणि खजिनदार किल्लीसकट गावाला अडकले होते. कपाटाचं कुलूप सेक्रेटरी, मी आणि एक शेजारी अशा आम्ही तिघांनी तोडलं. तोवर सगळं आटोपलं होतं. मला त्याची लाज वाटते, आजही वाटते. आम्ही तिघं त्याविषयी पुन्हा कधी बोललो नाही. फोरमन तेवढे फळ्यावर बोलत राहिले.

वर्षभर वारल्यावर त्यांचं एक म्हणणं कमिटीनं मान्य केलं. त्यांनी लिफ्टशेजारी स्वतःच्या हातानं खिळा ठोकला आणि त्यावर पाना टांगला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. पुढच्या महिन्यात फळ्यावर मजकूर आला : ‘आज चौथ्या मिनिटाला वाचलो. आभार.’ त्यावर तारीख राहिल्याचं सेक्रेटरींनी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

गेल्या पौषात फोरमन खरोखरच गेले. झोपेत, हृदयविकारानं. कुणाला फोन करायची वेळच आली नाही.

शोकसभेत सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. “त्यांचं कार्य आपण पुढे नेलं पाहिजे,” ते म्हणाले. म्हणजे काय करायचं, यावर तासभर चर्चा झाली आणि फोरमनचा मोठा फोटो लिफ्टशेजारी लावायचं ठरलं. तिथे खिळा होताच. तो ओढून पाहत “मजबूत आहे” असं मीच म्हणालो.

“आणि पाना?” कुणीतरी विचारलं.

“कपाटात ठेवू. बाहेर उगाच गंजेल,” खजिनदार म्हणाले.

फोटो चांगला आलाय. त्यानंतर पहिले रविवार येतात नि जातात, कुणी आडवं होत नाही. कपाटाला नवं कुलूप आहे. त्याची किल्ली हल्ली कुणाकडे असते, मी विचारलेलं नाही. आई तिसऱ्या मजल्यावरच आहे, लिफ्ट बंद पडून जिना चढावा लागला की तिला दम लागतो. दुसरा खिळा ठोकायला मला अजून सवड झालेली नाही.