पाळीवरची मामी

आमच्या मामीइतका धरणावर अविश्वास ठेवणारा आणि धरणावर तितकाच जीव टाकणारा दुसरा माणूस पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत मिळून सापडायचा नाही. धरण म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. तिगावपासून आत, टेकड्यांतून उतरणाऱ्या नाल्याच्या पुरापासून गाव वाचावं म्हणून सरकारनं कधीकाळी बांधलेली मातीची लांबट पाळ, पाण्याच्या अंगाला दगडांचा थर, आणि जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून एका टोकाला ठेवलेला सांडवा, एवढंच ते धरण. गाव त्या पाळीच्या खाली आणि मामीचं घर पाळीला सगळ्यांत जवळ. मामी लग्न होऊन आली त्याच वर्षी दुरुस्तीच्या कामावरचा एक म्हातारा मुकादम त्यांच्या ओसरीवर महिनाभर मुक्कामाला होता. नवी सून त्याला भाकर वाढता वाढता जे ऐकत गेली, ते तिनं जन्मभर सोडलं नाही. मातीची पाळ पाझरणारच, पाझराला भ्यायचं नाही. पाझर गढूळ झाला की भ्यायचं, कारण मग पाण्यासोबत पाळीची माती निघून येत असते. एवढं एक वाक्य घेऊन या बाईनं पस्तीस वर्षं काढली.

रोज उजाडलं की मामी काठी आणि काचेचा ग्लास घेऊन पाळीच्या पायथ्याशी जायची, पाझराचं पाणी ग्लासात धरायची आणि ते उन्हासमोर उंच करून बघायची. एवढ्यानं भागत नसे. तो ग्लास घरी आणून ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवी, म्हणजे तळाशी गाळ बसतो का ते कळावं. सात दिवसांचे सात ग्लास ओळीनं उभे असत. माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं आणि नवे जावई पहिल्यांदा सासरी आले, ते मे महिन्याच्या उन्हात बसमधून उतरून, घशाला कोरड पडलेली. घरात कोणी दिसेना म्हणून त्यांनी फळीवरचा एक ग्लास उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. मामी आली. जावयाच्या पोटाचं काय होईल, याची तिला काडीची काळजी वाटली नाही. ती फक्त म्हणाली, "जवाईबापू, तुम्ही मंगळवार पिऊन टाकला." जावई पुढं वर्षभर सासुरवाडीला स्वतःची बाटली घेऊन येत.

पाळीवर झाड उगवलेलं तिला चालत नसे. बेशरमाचं रोप असो की बाभळीचं, दोन पानं दिसली की ती उपटायची. मुळं आत जातात, सडतात आणि पाण्याला वाट करून देतात, असा तिचा हिशेब. एकदा वृक्षारोपणाचा कार्यक्रम नेमका पाळीवर ठरला. पाहुणे आले, भाषणं झाली, फोटो निघाले, पंचवीस रोपं लागली. मामीनं टाळ्यासुद्धा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सगळी रोपं शाळेच्या कुंपणाला लावलेली सापडली, आळी करून, पाणी घालून. दगडांचंही तसंच. पाळीचे दगड लोक हळूच घरी नेत, पण मामी दगड माणसासारखे ओळखे. एकाच्या घरभरणीला ती जेवायला गेली, पोटभर वरणभात आणि बुंदी जेवली, हात धुतले आणि पायरीकडे पाहून घरमालकाला म्हणाली की जेवण छान झालं, आता हा दगड पाळीवर पोचवा. तो हसला. मामी पायरीवरच बसून राहिली. पंगतीमागून पंगत उठली, तरी ती उठेना, तेव्हा बैलगाडी जुंपली गेली.

माणसांबद्दलही ती याच भाषेत बोले. फार रागीट माणूस दिसला की याचा सांडवा बुजला आहे म्हणायची, आणि न बोलणाऱ्या माणसाला तर ती जास्तच भ्यायची. आमचे मामा न बोलणाऱ्यांपैकी. संत्र्याची बाग आणि कपाशी यांच्यापलीकडे त्यांनी जगाकडे फारसं पाहिलं नव्हतं, आणि बायकोच्या ग्लासांकडे तर मुळीच नाही.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला. विहिरी आटल्या, बागा पिवळ्या पडल्या. गावातल्या बागायतदारांनी ठरवलं की सांडव्यात मातीची पोती रचायची, म्हणजे तळ्यात कमरेइतकं पाणी जास्त थांबेल आणि विहिरींना झरे फुटतील. पुढाकार मामांचाच होता. मामीनं घरात सांगून पाहिलं की ही पाळ पुरासाठी आहे, साठवणीसाठी नाही. पाणी सांडव्यानं गेलं नाही तर ते पाळीवरून जाईल, आणि मातीची पाळ पाण्याखाली साखरेसारखी विरघळते. मामांनी बारा वर्षांपूर्वी ती झाडं स्वतःच्या हातानं लावली होती, त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा मामी बसनं पांढुर्ण्याला माझ्याकडे आली. मी शाळेत हिंदी शिकवतो आणि आमच्याकडे सरकारी कागद हिंदीत चालतो, म्हणून अर्ज लिहून घ्यायला. अर्जात नवऱ्याचं नाव घालायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पोत्याइचं लिही. माणसाइचं कायले लिहितं?" अर्ज दिला. तपासणी होईल असं उत्तर आलं. पोती होती तिथंच राहिली.

त्या वर्षी राखीसाठी मी आईला मामांकडे घेऊन गेलो आणि पावसानं तिथंच अडकलो. तीन दिवस झड लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा ओसरीवर काचेच्या ग्लासातून चहा पीत बसले होते, मी शेजारी होतो. मामी चिंब भिजून आली आणि तिनं आपला ग्लास मामांच्या चहाशेजारी ठेवला. दोन्ही ग्लासांच्या रंगात फारसा फरक नव्हता.

"पाळ आतून वाहून राहिली," ती म्हणाली.

मामांनी दोन्ही ग्लासांकडे पाहिलं. मग उठून त्यांनी खुंटीचा विळा काढला आणि ते सांडव्याकडे निघाले. मी मागोमाग. तिथं चारपाच जण उभे होते. संध्याकाळपर्यंत पाऊस उघडेल, एवढं पाणी कायले सोडता, असं एक जण म्हणाला. सांडव्याचं पाणी ज्या नाल्यात पडतं, तो मामांच्या बागेला लागून जातो, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, आणि मामांना तर होतंच.

"म्या लावली, म्याच काढतो," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिलं पोतं फाडलं. मग बाकीचेही हात लावू लागले.

इकडे मामीनं पाळ ज्यांच्या ताब्यात होती त्या सरकारी इंजिनिअरांना, उपयंत्री साहेबांना, फोन लावला होता. त्यांचा नंबर तिला पाठ होता आणि तिचा नंबर त्यांनाही, कारण वर्षातून चाळीसदा तरी ती त्यांना छळत असे. साहेब म्हणाले की पाझरानं पायथ्याशी पडलेलं भोक बुजवू नका, बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटेल. वर आधी वाळू टाका, मग गिट्टी, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. लोक चिखलाचे गोळे आणून भोकात कोंबू लागले होते. मामीनं काठी आडवी धरून त्यांना थांबवलं आणि शेजारच्या बांधकामावरची वाळू घमेल्या-घमेल्यानं आणवली. कोटवारानं, म्हणजे गावच्या चौकीदारानं, खालच्या वस्तीत हाळी देऊन बायका-लेकरं, शेळ्या, सगळं शाळेत हलवलं. मी घमेली वाहत होतो, आणि पाळीच्या उतारावर बैलगाडीएवढी माती खाली घसरलेली दिसत होती. त्या दिवशी मी पाळीकडे पाठ करून एकदाही उभा राहिलो नाही.

दुपारी साहेब यंत्र आणि माणसं घेऊन पोचले. सांडवा मोकळा झाल्यानं संध्याकाळपर्यंत पाणी हातभर उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी पाझर पुन्हा नितळ आला. गावातलं एक कोंबडंसुद्धा वाहून गेलं नाही. मामांच्या बागेच्या नाल्याकडच्या दोन ओळी मात्र मुळासकट गेल्या. मामा जाऊन बघून आले, जेवले आणि झोपले. त्याबद्दल ते अजूनही बोललेले नाहीत.

पुढं पाळीची रीतसर दुरुस्ती झाली. पाझर मोजायला पायथ्याशी पक्कं बांधकाम झालं, देखरेखीला माणूस नेमला गेला. गावानं मामीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. दोन शब्द बोला म्हटल्यावर ती माईकपुढे उभी राहिली आणि मांडवाचे खांब पाळीत का गाडले, असं तिनं सरपंचांना विचारलं. खांब काढले गेले आणि कार्यक्रम संपेपर्यंत मांडव लोकांनी हातांनी धरून ठेवला.

या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेलो. गुडघे धरल्यामुळे ती आता पाळीवर जात नाही. अंगणात संत्र्यांचा ढीग पडला होता आणि ती डागी फळं वेगळी काढत होती. मी समोर बसून हात लावू लागलो. नेमलेला माणूस चांगला आहे, रोज येतो, वहीत लिहितो, असं ती म्हणाली. मग ती पुन्हा फळं चाळू लागली.

"बापू, एक सांगू का? कोणाले सांगितलं नाही," ती म्हणाली. "कवापासून मी सांगून राहिली होती, कोणी ऐकलं नाही. त्या दिवशी गढूळ पाणी दिसलं, तं पहिले मले बरं वाटलं. भेव मंग वाटलं."

मी हातातलं संत्रं तसंच धरून राहिलो. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मामा बागेतून टोपलं डोक्यावर घेऊन येत होते, आणि ती त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून ढीग हातानं बाजूला सारत होती.