नवऱ्याने उतरवलेली पट्टी

लग्न होऊन मी पिंपरीला आले ती बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास. नवरा कंपनीत टर्नर आणि सुट्टीच्या दिवशी पेटी वाजवणारा. आमच्या वस्तीत एक हौशी गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, टाळ आणि मागे कोरसला चौघे. बाई एकही नव्हती. मी भाकरी करताना गुणगुणायचे ते ह्यांनी ऐकलं आणि एका नामकरणाला मला सरळ लोकांपुढे उभं केलं.

माझी पट्टी काळी चार. म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून मी गायचे. तेव्हा माइक नसायचा. मैदानात, उघड्यावर, उन्हात गळा ताणायचा. वरचा सूर लागला की रुळांपलीकडची माणसं दारात येऊन उभी राहत. चौदा एप्रिलची जयंती असो, लग्न असो, मी गायचे. मिळायचं काय, तर नारळ आणि जेवण. पुढे मीही एका कारखान्यात पॅकिंगला लागले, तरी रविवार गाण्याचाच राहिला. अशी चौदा-पंधरा वर्षं गेली.

मग एका रविवारी कासारवाडीला नामकरण होतं आणि ह्यांना नेमकं ओव्हरटाइमला बोलावलं. ढोलकीवाले भाऊ माझ्याबरोबर आले. पेटीवर तिथल्याच पार्टीतला माणूस बसला.

"वहिनी, पट्टी कुठली?" त्याने विचारलं.

"काळी चार," मी म्हणाले.

धृपद कसंबसं निभावलं. अंतऱ्याला वर गेले आणि आवाज फाटला. पाणी प्यायले, पुन्हा गेले, पुन्हा फाटला. मी वळून त्या पेटीवाल्याला सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, तुमची पेटी चढी आहे का?"

तो ओशाळला. "न्हाई वहिनी. परवाच दुरुस्त करून आणलीय."

मी आमच्या ढोलकीवाल्यांकडे बघितलं. ते मान खाली घालून ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसले होते. वर बघेनात. परत येताना मी त्यांना खोदून विचारलं, तर म्हणाले, "दादांनाच विचारा, वहिनी. मला यात नका पाडू."

संध्याकाळी हे आले. हाताचं ग्रीस धूत होते, तेव्हाच मी विचारलं, "आपण गातो ती पट्टी कुठली?"

ह्यांनी टॉवेल घेतला. हात पुसले. पुसलेले पुन्हा पुसले. मग म्हणाले, "पांढरी चार."

म्हणजे पेटीवर तीन घरं, तीन सूर खाली!

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. तुला खोकल्याचं ते मोठं दुखणं झालं, त्यानंतर आधी एक घर उतरवलं. तू ओळखलं नाहीस. मग पुढच्या वर्षी आणखी एक, आणि यंदा तिसरं."

"आणि भाऊंना ठाऊक होतं?"

"ढोलकी पट्टीत लावावी लागते ना. त्यांना सांगावंच लागलं."

आवाज गेल्याचं दुःख नंतर झालं. आधी संताप आला. तीन वर्षं लोक टाळ्या वाजवत होते, मी खुशीत घरी येत होते, आणि माझ्या पाठीमागे ही माणसं मला लहान पोरीसारखं सांभाळून घेत होती. मी म्हणाले, "यंदाच्या जयंतीला मी गाणार नाही. पुढेही नाही."

वाटलं होतं, हे आर्जवं करतील. हे म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

ते 'बरं' मला फार लागलं. आठ दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. पॅकिंगच्या टेबलावर बायका म्हणायच्या, "ताई, काहीतरी म्हणा ना." मी खोके चिकटवत राहायचे. पण मनात हिशेब चालू होता. थांबायला हरकत नव्हती. कधीतरी थांबायचंच होतं. पण आपल्यात किती आवाज उरलाय हे दुसऱ्यांना ठाऊक आणि आपल्यालाच नाही, अशा अवस्थेत मला थांबायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी पेटी काढून ह्यांच्यासमोर ठेवली. "बसा. काळी चारपासून एकेक घर खाली या. आणि खोटं सांगितलंत तर ही पेटी पवनेत जाईल."

काळी चारला वरचा सूर लागलाच नाही. पांढरी चारला लागला, पण मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मी म्हणाले, "आणखी खाली." काळी दोनवर आलो तेव्हा आवाज आपोआप सुटला. जाड, भरदार, मी स्वतःचा म्हणून कधी न ऐकलेला. हे पेटी थांबवून माझ्याकडे बघायला लागले.

"चांगलं वाटतं की वाईट? खरं सांगा."

"चांगलं वाटतं. पण तुझी ती उडती गाणी इथे बसायची नाहीत."

खरंच बसत नव्हती. दोन महिने आम्ही फर्स्ट शिफ्टच्या आधी उठून एकेक गाणं तपासलं. निम्मी टाकून दिली. उरलेल्यांची लय कमी केली. मी ह्यांना एकच अट घातली. "पुढे आणखी उतरवावं लागलं तर आधी मला सांगायचं. लपवाल त्या दिवशी मी गाणं बंद करीन."

जयंतीला माइकसमोर उभी राहिले. मी सांगून टाकलं, "माझा आवाज उतरलाय. आज खालच्या पट्टीत गाणार आहे."

पहिल्याच गाण्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, वर घ्या की!"

"वर जायचं तेवढं जाऊन आले, भाऊ," मी म्हणाले. "आता इथूनच ऐका."

लोक हसले. काही उठून शेजारच्या वस्तीतल्या ऑर्केस्ट्राकडे गेले. मला ते जाताना दिसत होते. मी सगळी गाणी पूर्ण केली. पुढच्या वर्षी आयोजकांनी नव्या मुलींना संधी द्यायची आहे असं सांगितलं. मी त्यांना हसून चहा दिला आणि ते गेल्यावर आत जाऊन रडले.

त्यानंतर काही महिन्यांनी दिघीहून बोलावणं आलं. एका घरातली म्हातारी वारली होती, तिच्या पुण्यानुमोदनाला गायचं होतं. "आता मला मयताचीच गाणी राहिली का?" मी ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, "नको वाटत असेल तर नाही म्हणून कळवतो." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी साडी बदलून तयार झाले.

छोटी खोली होती. माइक नव्हता, लागतही नव्हता. वंदना झाली आणि मी काळी दोनवर, सावकाश सुरू केलं. भिंतीला टेकून बसलेला तिचा नवरा डोळे मिटून ऐकत होता. दोन गाणी झाल्यावर मी थांबले, तशी त्याने डोळे उघडले.

"थांबलात का, बाय? म्हना की अजून. आमाला कुटं जायाचं न्हाई."

मी तासभर गायले. त्या खोलीतून कुणीही उठलं नाही. तिथूनच एका बाईने भोसरीचं आमंत्रण दिलं, मग देहूरोडचं आलं. ऐंशी साल उलटलं तरी महिन्याचे एक-दोन रविवार असेच जात. मंडपात मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. पण घराघरांत मी गात राहिले, आणि दर वर्षी जयंतीनंतरच्या रविवारी पेटीसमोर बसून ह्यांना विचारत राहिले, "यंदा किती उतरायचं?"