विसर्जन

अनसिंगच्या आमच्या शाळेत पाणी भरायला जो माणूस येई, त्याचा मला हेवा वाटे. कावड उतरवली की तो अंगणातल्या बाभळीचं खोड बोटांनी ठोठावी आणि सुकलेला डिंक खुडून धोतराच्या सोग्यात बांधी. त्याच्या प्रत्येक बोलण्याला एक शेपूट असे, "नाई का?" मी त्याला कधी उत्तर देत नसे.

मी सातवीला शास्त्र शिकवी. 'उत्सर्जन' हा शब्द आठ दिवस घोकून घेतला, तरी पोरं 'विसर्जन'च लिहीत. एकदा मी चिडून छडी उचलली, तर हा दाराजवळच्या रांजणापासून म्हणाला, "मास्तर, कायले मारता? बरोबर तं लिहून राह्यले. नको ते सोडून देनं म्हंजे विसर्जनच, नाई का? आपन घामातून सोडतो, मुतातून सोडतो. हे बाभूय डिंकातून सोडते, जुन्या पानात भरून खाली टाकते."

पोरं खदखदून हसली. माझ्या तासाला कुणी कधी हसलं नव्हतं.

पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी झाडाचं उत्सर्जन विचारताच सगळ्या वर्गाचे हात वर. साहेब खूश झाले. "इतकं छान कुणी शिकवलं?"

पोरांनी रांजणाकडे पाहिलं. तो ओल्या हातांनीच पुढे झाला.

"आमच्या मास्तरनं, साहेब. दुसरं कोन शिकवते, नाई का?"

साहेब माझ्याकडे वळले. त्याच्या 'नाई का'ला मी त्या दिवशी पहिल्यांदा उत्तर दिलं.

"हो," मी म्हणालो.