धुराची सुट्टी

मार्च महिन्यात चांगली हवा खायला सोलापूरला जाणारी माणसं जगात आम्ही तिघंच असू. त्या दिवसांत खुद्द सोलापूरकर महाबळेश्वरचं बुकिंग शोधत असतात, आणि आम्ही हैदराबादला विमानातून उतरून, पुढे रेल्वे धरून उलट्या दिशेने निघालेलो असायचो. डब्यात शेजारी बसलेले विचारायचे, लग्न आहे का? मी म्हणायची, नाही हो, मुलीला श्वास घ्यायला नेतोय. मग कोणी पुढे काही विचारत नसे.

आम्ही उत्तर थायलंडमधल्या एका शहरात राहत होतो. नवरा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचा, मी गणित. मुलगी तिथलीच, जन्माने आणि सवयीने. तिथे आमच्यासारख्यांना एक्स्पॅट म्हणतात. सोलापुरात पोटासाठी परगावी गेलेले म्हणतात, आणि मला तेच जास्त बरोबर वाटतं. शहर डोंगरांच्या वाटीत वसलेलं, माणसं मऊ स्वभावाची, भाजी ताजी. तक्रार करायला जागा नव्हती. पण फेब्रुवारी सरत आला की उतारावरच्या मक्याची धसकटं पेटायची आणि तो धूर त्या वाटीत येऊन बसायचा. समोरचा डोंगर दिसेनासा व्हायचा. शाळेचं मैदान बंद, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, आणि हवा साफ करणारं यंत्र एकाच खोलीत असल्यामुळे जेवण, अभ्यास, भांडण सगळं त्याच खोलीत. मुलगी रात्री घरघरायला लागली की मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसायची. तिच्या दप्तरात पाण्याच्या बाटलीशेजारी दम्याचा पंप असायचा, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या दप्तरात तो असतो हे कळल्यावर मला धीर यायच्या ऐवजी संतापच आला.

बाहेरून आलेल्या आम्हा पालकांचा फोनवर एक गट होता. तिथे दर मोसमात एकच चर्चा: राहायचं की जायचं? गोरे पालक बेटांवर पळायचे आणि तिथून निळ्या पाण्याचे फोटो टाकायचे. उरलेले हवेचे आकडे टाकायचे. आणि सगळे मिळून शेतकऱ्यांना शिव्या घालायचे. त्यात माझा आवाज बारीक नव्हता. ‘या लोकांना स्वतःची पोरं नाहीत का?’ असं मी एकदा लिहिलं होतं आणि त्याला पुष्कळ अंगठे मिळाले होते.

शेवटी आम्ही ठरवलं की आता पुरे. प्रश्न एवढाच उरला की जायचं कुठे. त्याच शाळेची एक शाखा दक्षिणेला समुद्राकाठी होती, तिथे दोघांना जागा मिळत होती. नवरा कोकणातला. समुद्र म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. मी मात्र सोलापूर म्हणत होते. आई गेल्यापासून माझे वडील, अप्पा, तिथल्या सात रस्ता चौकाजवळच्या घरात एकटे राहतात. कर्नाटकच्या हद्दीलगत दुधनीला शेत आहे, तिथे जाऊन येऊन असतात. दर फोनला शेवटचं वाक्य ठरलेलं: “कधी येताय?” समुद्राकाठी गेलो तर सोलापूर आणखी लांब पडणार होतं. ‘सुट्टीवरून परत आलात की काय ते सांगा,’ असं शाळेने म्हटलं होतं, म्हणून त्या मार्चमध्ये आम्ही सोलापूरला जे गेलो ते मनाची परीक्षा घ्यायलाच गेलो.

अप्पांना मी एवढंच सांगितलं होतं की तिकडची हवा वाईट आहे आणि आम्ही कायमचं यायचा विचार करतोय. मुलीच्या छातीचंही सांगितलं होतं, पण फोनवर, हळूहळू, त्यांना घोर लागू नये अशा बेताने. त्यांनी ऐकलं ते फक्त ‘कायमचं’. आम्ही पोचेपर्यंत वरच्या खोलीला रंग लागला होता, मुलीने व्हिडिओ कॉलवर निवडलेला, कच्च्या कैरीचा हिरवा. खिडकीत नवा कूलर. तिच्या उंचीचं टेबल आणि खुर्ची.

“अज्जा, हे सगळं माझं?” मुलीने विचारलं. अप्पांकडचे आम्ही सगळे आजोबांना अज्जाच म्हणतो.

“तुझंच की बाळा. मी कशाला बसू एवढ्याशा खुर्चीवर?”

आणि खरंच सांगते, हवा मानवली तिला. ऊन असं की दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता, पण पोरगी रात्रभर आवाज न करता झोपायची. आम्ही दोघं तिच्या उशाशी कान देऊन बसायचो आणि काहीच ऐकू यायचं नाही. मी फोनमधला हवेचा आकडा नवऱ्याला दाखवायची. हिरवा, म्हणजे हवा स्वच्छ. “बघ, समुद्र नाही तरी हिरवा,” मी म्हणायची. तो म्हणायचा, “चाळीस डिग्रीला हिरवं राहायची काय हिंमत आहे तुमच्या सोलापूरची!” पण हळूहळू तोही वळत होता. पंप कपाटात गेला. आठवडाभराने तर तो कुठे ठेवलाय हे आठवायला लागायचं.

मग अप्पा म्हणाले, “उद्या शेतावर जाऊ. मी एक काम राखून ठेवलंय.”

मी ओळखायला हवं होतं. आमच्या घरची रीत आहे. ऊस तुटून शेवटचा ट्रॅक्टर कारखान्याला गेला की रानात पाचट उरतं, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, गुडघाभर. ते पेटवून दिलं की रान मोकळं होतं आणि खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा येणारा ऊस, फुटतो. पेटवायच्या आधी बांधावर नारळ फोडायचा आणि पहिली काडी घरच्या लेकीने लावायची. लहानपणी ती मी लावलेली आहे. अप्पांचा हात माझ्या हातावर, पाचटाचा तडतड आवाज, आणि आपण काहीतरी मोठं केलं असा आनंद. मी परदेशात गेल्यापासून ती काडी अप्पाच लावत होते. यंदा ऊस लवकर तुटला होता, शेजारच्यांनी पाचट जाळून पाणीही दिलं होतं. अप्पांनी मात्र आपलं रान तसंच ठेवलं होतं, नात येणार म्हणून.

मी शेतातल्या खोलीत स्टोव्हवर चहा ठेवत होते. नवरा विहिरीकडे गेला होता. बाहेरून तो आवाज आला, तडतड, आणि गंमत अशी की मला आधी छान वाटलं. पाचटाचा वास आला आणि क्षणभर मी सात-आठ वर्षांची झाले. मग भानावर आले आणि चहा तसाच टाकून धावले.

मुलगी बांधावर उभी होती, गाल लाल, हातात काडेपेटी. “आई! मी पेटवलं! अज्जांनी मला पेटवू दिलं!”

अप्पा तिच्यामागे उभे होते, डोक्यावर टोपी नीट बसवलेली, नारळाची वाटी हातात. त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

“अप्पा, अहो काय केलंत हे?” मी ओरडले. “धुरापासूनच पळून आलोय ना आम्ही!”

“अगं, ह्यो काय धूर हाय व्हय?” त्यांना खरोखरच कळेना. “ह्यो शेताचा हाय. गाड्यांचा, कारखान्याचा धूर लई वंगाळ. ह्येनं कुणाला काय हुतंय? तूच न्हाई का लावलीस काडी?”

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. वारा फिरला. आधी फक्त पायांशी आलेला धूर एकदम अंगावर आला. मुलीने दोनदा खोकून हसायचा प्रयत्न केला, मग हसू थांबलं आणि तो आवाज सुरू झाला, जो मी सोलापुरात विसरत चालले होते. नवरा पळत आला. “पंप?” आम्ही दोघांनी एकमेकांना एकदमच विचारलं. पंप सोलापुरात, कपाटात होता.

दुधनीच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत गाडीत ती अप्पांच्या मांडीवर होती. गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत जात होता. अप्पा तिला कानडीत काहीतरी पुटपुटत होते, लहानपणी मला ताप आला की पुटपुटायचे तसं. “साकु, साकु,” एवढंच मला कळत होतं, पुरे, पुरे. ते तिला म्हणत होते की धुराला, ते विचारायची माझी ताकद नव्हती. मला त्यांचा इतका राग आला होता की मी मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरांनी मशीनवर वाफ दिली. हळूहळू ती सैल झाली, मग तिला झोप लागली. “या दिवसांत अशी मुलं येतच असतात, सगळीकडे जाळणं चालू असतं,” डॉक्टर सहज म्हणाले. तिकडच्या डॉक्टरांचं बोलणंही शब्दाला शब्द हेच असायचं.

अप्पा आत आलेच नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. भांडायचं ठरवूनच बाहेर आले होते, पण त्यांच्या दोन्ही हातांत अजून काजळी होती, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं.

“तिकडं बी असलाच धूर असतो?” त्यांनी विचारलं.

“असलाच.”

“शेताचा?”

“शेताचाच अप्पा. मक्याचा.”

त्यांनी हात उलटे करून काजळीकडे पाहिलं.

“आन मी तिच्या हातात काडी दिली,” ते म्हणाले.

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं, आणि तिकडच्या ज्या माणसांना मी पोरंबाळं नसलेली ठरवून टाकलं होतं त्यांच्यासाठीही. त्यांच्यातही एखादा म्हातारा नातीची वाट बघत रान राखून ठेवत असेल. तरीही खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कोणाचंच शेत नको होतं, आमचंही नको होतं.

सोलापूरला परतल्यावर कोणी विषय काढला नाही. मुलगी हिरव्या खोलीत चित्रं काढत होती, मधूनच कूलरपुढे तोंड नेऊन गात होती. मी मनाशी जुळवाजुळव करत होते: शहरात राहू, मोसमात शेताकडे फिरकायचं नाही, अप्पांना पाचट जाळू द्यायचं नाही, जमेल. एका सकाळी चहा घेताना मी हे अप्पांना सांगितलं. वाटलं, ते लगेच हो म्हणतील.

“मी न्हाईच जाळणार आता,” ते म्हणाले. “कुजू दे तितंच. पर मी एकट्यानं काय हुतंय? सगळं शिवार जाळतंय की. वारा आला तर हितं बी येतंय.” मग ते माझ्या नवऱ्याकडे वळले. “जावईबापू, ती समुद्राकडची नोकरी अजून हाय का गेली?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने अप्पांना कधी सांगितलं होतं कुणास ठाऊक. “आहे मामा,” तो म्हणाला.

“मग जावा तिकडं.”

“अप्पा, तुम्हीच तर दर फोनला...”

“म्हनत हुतो. आता न्हाई म्हनत.” त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. “पोरीला दम लागतोय आन मी या म्हनू व्हय?”

मी चिडले. खोलीचा रंग, टेबल, कूलर, सगळं बोलण्यात काढलं. रंग भिंतीलाच असू दे, अप्पा म्हणाले. ते बरोबर बोलत होते आणि मला तेच सहन होत नव्हतं. स्टेशनवर त्यांनी मुलीला गाडीत बसवलं, खिडकीतून तिच्या हातात शेंगांची पुडी दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘कधी येताय’ विचारलं नाही.

आता आम्ही समुद्राकाठी राहतो. नवरा संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसतो. पंप अजून आहे, पण दप्तरात नाही. अप्पांनी पाचट जाळणं खरंच सोडलं. पहिल्या साली त्यात उंदीर झाले, शेजारी हसले, ‘लेकीची परदेशी शेती’ म्हणाले. आता कुट्टी करून सरीत पसरतात. शेजारच्यांना सांगत फिरतात, कोणी ऐकतं, बरेच ऐकत नाहीत. आम्ही त्यांच्याकडे जातो, पण त्यांनी बोलावल्यावरच.

परवा मार्च संपत आला होता. मला राहवेना. फोनमध्ये सोलापूरचा आकडा पाहिला, हिरवा होता. लगेच अप्पांना फोन लावला. म्हटलं, “अप्पा, हवा चांगली दाखवतंय. येऊ का आम्ही?”

“थांब जरा,” ते म्हणाले. चपलांचा आवाज आला, जिन्याचा, मग वरच्या खोलीच्या कडीचा. फोन त्यांनी तसाच हातात धरला होता. खिडकी उघडल्याचं ऐकू आलं, आणि मग टेबलावर कपडा फिरल्याचं.

“न्हाई अजून,” ते म्हणाले. “पोरीचं टेबल रोज पुसतोय मी. आज बी काळंच निघालं.”

“मग कधी येऊ?”

“कपडा पांढरा निघाला की सांगतो,” अप्पा म्हणाले.