घरटी एक माणूस

आंबेनळी घाटात तुमची गाडी दरीत गेली, तर तुम्हाला वर कोण काढतं, याचा कधी विचार केलाय? पथकं येतात, नाही असं नाही. पण ती पोचेपर्यंत दोर घेऊन खाली उतरलेली असते ती घाटाखालची वाडी.

वैशाली त्याच वाडीची. घाटाच्या तोंडाशी तिची चहाची टपरी. जीभ अशी की ट्रकवाले साखर जास्त मागतानाही दोनदा विचार करतात. घाटात काही घडलं की पहिली हाक तिची, आणि हाक गेली की घरटी एक माणूस निघायचा. मयताला तसंच, वाहून गेलेली पायवाट बांधायला तसंच. गावकीचा नियम. वाडीच्या मदत मंडळाकडे नाव होतं, दोर होता आणि समाजमंदिराचा एक कोपरा होता. एवढ्यावर कितीतरी जीव वर आले.

मग तालुक्याच्या विकासाचा आराखडा आला आणि माळावर साहस केंद्र उभं राहिलं. पट्ट्याला लटकून तारेवरून दरी ओलांडायची, यासाठी पुण्या-मुंबईची माणसं रांगा लावू लागली. नोकऱ्या स्थानिकांना, असं ठरलेलं. पण स्थानिकांत कुणाला? दोन भावक्यांत जुंपणार असं दिसताच वैशाली गावकीत उभी राहिली. भांडता कशाला, म्हणाली, आपला नियम हाय ना, घरटी एक. सगळ्यांना पटलं. केंद्राचा मॅनेजर यशराज, महाडचा शिकलेला मुलगा, तोही खूश झाला. दोराची सवय असलेली माणसं त्याला आयतीच मिळत होती. घराघरातला धडधाकट माणूस माळावर गेला. वैशालीच्या घरातून तिचा दीर किशोर. तो सबंध आठवडा वैशाली वाडीत मान ताठ करून फिरली.

चूक तिथंच झाली होती. कळली ती भाद्रपदात.

रविवारची दुपार. टपरीच्या वरच्या वळणावर भाजीचा टेम्पो कठडा फोडून खाली गेला आणि झाडाला अडकला. वैशालीनं हाक दिली. पुन्हा दिली. दारादारातून म्हातारे आणि बाया बाहेर आल्या, एकमेकांकडे बघत राहिल्या. घराघरातला तो एक माणूस माळावर ड्यूटीला होता.

फोन लागेनात, कामाच्या वेळी ते कपाटात बंद. वैशालीनं एका मोटारसायकलवाल्याला आडवं होऊन थांबवलं आणि केंद्राचं फाटक गाठलं. यशराज नम्रपणे सांगू लागला की तारेवर पर्यटक आहेत, सगळ्यांना एकदम कसं सोडू?

"ताई, वरिष्ठांना फोन लावलाय. पाच मिनिटं द्या."

"खाली माणूस अडकलाय रे. त्याला सांगू काय, थांब जरा, वरिष्ठ फोन उचलत नायत?"

किशोर फाटकाशी आला, पण बाहेर पाऊल टाकेना. "वयनी, मी सुटलो तर आपल्या घरची जागा जाईल."

"ती जागा मीच लावली, मीच सोडते. चल."

त्यानं हेल्मेट काढून यशराजच्या हातात दिलं. बाकीचे तारेवरची माणसं उतरवेपर्यंत जागचे हलले नाहीत. हलायलाही नको होतं. घाटात गुडघे गेलेल्या भागोजीकाकांनी दोर झाडाला बांधून ठेवला होता, तो बायांनी धरला आणि किशोर उतरला. ड्रायव्हर जिवंत वर आला. पाय मात्र फार वेळ दबलेला, तो कापावा लागला.

किशोरची नोकरी गेली. त्याच्या जागी दुसऱ्या गावचा माणूस आला.

पुढच्या महिन्यात पोलादपूरला विकासाची बैठक झाली. वैशालीनं एकच मागितलं: घाटातून हाक आली की तारेवरची माणसं उतरवून आमची माणसं सोडा, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. मंचावरचे साहेब गोड बोलले. मंडळाचा व्यवसाय करा, म्हणाले, सेवेचा दर ठरवा, साहित्याला योजना आहे.

"म्हंजे दरीत पडलेल्याला आधी भाव सांगायचा, मग दोर सोडायचा?"

सभागृह हसलं. हसून झालं, चहा झाला, सगळे उठले. निर्णय काही झाला नाही.

परतताना भागोजीकाकांनी डिवचलंच, "गो, नियम तुझाच होता."

"माझाच. म्हणून तर बूड टेकत नाय."

खरंच टेकत नाही. वळणावर ब्रेक करकचला की ती उकळता चहा तसाच टाकून रस्त्यावर येते. वाडीकडे बघते. हाक मारली तर कोण निघेल, हे तिला आता ठाऊक आहे: भागोजीकाका, बाया आणि बेकार किशोर. मंडळ कुणी बंद केलं नाही. त्यातली माणसं तेवढी कामाला लागली, आणि त्यालाच विकास म्हणतात.

तुम्ही जाल त्या माळावर. जा. पण तिकीट काढण्याआधी खिडकीशी एवढं विचारा: घाटातून हाक आली तर तुमची माणसं सोडता का? उत्तर मिळेपर्यंत मागच्याला पुढं जाऊ देऊ नका. आणि नाही म्हणाले, तर पट्टा न बांधता मागं फिरा.